'चालू आहे' म्हणजे नेमके काय?

अलिबागजवळ थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर समुद्रात उंदेरी आणि तिच्यापलीकडे खांदेरी ही दोन बेटे दिसतात. खांदेरीवर १८६७ साली बांधलेले दीपगृह आहे. कोणत्या दीपगृहाचा दिवा किती सेकंदांत किती वेळा लुकलुकतो हे दीपगृहांच्या छापील सूचीत दिलेले असते. रात्री जहाजावरचा खलाशी ते ठोके मोजतो आणि समोरचा दिवा कोणता हे ओळखतो. आता समजा, एखाद्या रात्री एखादा दिवा बंद पडला. तर सूचीतली त्याची नोंद खोडून टाकतात का? नाही. सूची तशीच राहते. अमुक दिवा तूर्त बंद आहे असा इशारा रेडिओवरून दिला जातो, आणि देहरादूनचे राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय खलाशांसाठी जी सूचनापत्रके काढते त्यांत तशी नोंद येते.

म्हणजे कागद दोन झाले. एक सांगतो की दिवा कसा असायला हवा, दुसरा सांगतो की तो आज कसा आहे. दिवा विझला म्हणून पहिल्या कागदातून तो काढून टाकला, तर दुरुस्त काय करायचे हेच कुणाला कळणार नाही. आणि पहिला कागद वाचून दिवा लागलेलाच आहे असे धरून चालणारे जहाज खडकावर जाईल.

संगणकांच्या जाळ्यातील प्रत्येक यंत्राला हे दोन कागद लागतात. गंमत अशी, की ते नीट कसे लिहावेत यावर एकमत व्हायला या क्षेत्रातल्या मंडळींना सुमारे तीस वर्षे लागली. आज तुमच्या शाळेत इंटरनेट असेल, ग्रामपंचायतीत असेल, तर 'नेट चालू आहे का' या प्रश्नाचे उत्तर देणारा पडदा कुठेतरी कुणीतरी पाहत असतो. त्या पडद्यावरचा हिरवा ठिपका कोणत्या कागदावरून आला आहे, हे समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम यंत्र पाहू. संगणक कक्षात एक चपटा डबा असतो. त्याला ओळीने खाचा असतात आणि प्रत्येक खाचेजवळ एक बारीक दिवा असतो. हा स्विच, आणि त्या खाचा म्हणजे पोर्ट. साध्या स्विचला काही सांगावे लागत नाही. पण मोठ्या जाळ्यातल्या स्विचला किंवा राउटरला बरेच काही सांगून ठेवावे लागते: पोर्ट ३ चालू ठेव, पोर्ट ४ बंद ठेव, याचा पत्ता हा, याचा वेग इतका. आपण दिलेल्या या आज्ञांना कॉन्फिगरेशन म्हणतात. ते यंत्र प्रत्यक्षात कसे वागत आहे, ती त्याची चालू स्थिती. आणि आतापर्यंत किती माहिती आत आली, किती बाहेर गेली, किती खराब झाली, हे आकडे म्हणजे सांख्यिकी.

शाळेत आपल्याकडे हे तिन्ही असतेच. भिंतीवरचे वेळापत्रक सांगते की सोमवारी तिसऱ्या तासाला सातवी ब वर गणिताच्या बाई असतील. बाई रजेवर असल्या तर बदली तासाच्या वहीत दुसरे नाव येते आणि वेळापत्रक बदलत नाही. महिनाअखेरीस हजेरीची बेरीज होते, ती सांख्यिकी. वेळापत्रकातल्या बाईंचे नाव खोडून तिथेच बदली शिक्षकाचे नाव लिहिणारा मुख्याध्यापक महिनाभरात शाळेचा विचका करील. पण यंत्रांच्या बाबतीत नेमके असेच प्रकार फार काळ चालत आले.

जाळ्यातल्या यंत्रांची दुरून विचारपूस करण्याची एसएनएमपी नावाची पद्धत १९८८ साली आली. यंत्राविषयी काय काय विचारता येईल याची एक मोठी यादी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात प्रत्येक पोर्टसाठी दोन रकाने होते. पहिला 'प्रशासकीय स्थिती', म्हणजे आपण काय सांगितले. दुसरा 'कार्यस्थिती', म्हणजे काय घडले. माझ्या मते त्या यादीतली ही सर्वांत शहाणी गोष्ट होती. पुढे २००० सालच्या आवृत्तीत पहिल्या रकान्याला तीनच किमती राहिल्या: चालू, बंद, चाचणी. दुसऱ्याला मात्र सात झाल्या: चालू, बंद, चाचणी, माहीत नाही, वाट पाहत आहे, भागच जागेवर नाही, आणि 'माझ्या खालचा थर बंद असल्यामुळे मीही बंद'. सांगण्याचे प्रकार तीन आणि घडण्याचे सात! यातला 'माहीत नाही' हा शब्द विसरू नका, त्याचे काम पुढे पडणार आहे.

दोन वेगळे रकाने हवेत ही जाण तेव्हापासून होती, पण ती मोजक्याच ठिकाणी पाळली गेली. बाकीच्या यादीत लिहिता येणाऱ्या आणि नुसत्या वाचता येणाऱ्या गोष्टी एकाच तक्त्यात मिसळलेल्या असत. त्यामुळे 'या यंत्राला आजवर जे जे सांगितले तेवढेच मला काढून दे, नवे यंत्र आणले की त्यात तेच भरीन' ही साधी मागणीसुद्धा पुरी होत नसे.

हा फरक इतका का महत्त्वाचा, यासाठी आपल्याच किनाऱ्यावरची गोष्ट घेऊ. ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, म्हसळा या भागात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले, मोबाइल बंद पडले. अनेक गावांत वीज परत यायला आठवडे लागले. कोविडमुळे शाळांच्या इमारती आधीच बंद होत्या आणि नवे वर्ष फोनवरून सुरू करायचे बेत चालले होते. अशा वेळी कुठल्या गावाशी संपर्क तुटला आहे आणि का, हे कळणे फार मोलाचे असते. 'का' हा शब्द मुद्दाम लिहिला. फायबर तुटले असेल तर तंतू जोडणारे यंत्र आणि कारागीर पाठवायचा. वीज गेली असेल तर डिझेल आणि जनरेटर पाठवायचा. रस्त्यावर झाडे पडलेली आणि माणसे मोजकी असताना चुकीची गाडी पाठवली तर एक दिवस वाया जातो.

खेड्यांपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याच्या भारतनेट योजनेत (ती २०११ मध्ये वेगळ्या नावाने मंजूर झाली होती) जीपॉन नावाचे तंत्र वापरले गेले. तालुक्याच्या टेलिफोन केंद्रात एक मुख्य यंत्र असते, त्याला ओएलटी म्हणतात. त्यातून निघालेला एक तंतू वाटेत स्प्लिटरमध्ये फाटे फुटून अनेक गावांना जातो. स्प्लिटर म्हणजे प्रकाश वाटून देणारा निव्वळ काचेचा भाग, त्याला वीज लागत नाही. प्रत्येक गावाच्या टोकाला ओएनटी हे छोटे यंत्र असते.

समजा, एका तंतूवर अशी आठ गावे आहेत. ओएलटीच्या कॉन्फिगरेशनमध्ये आठही गावे 'चालू' अशीच लिहिलेली असणार आणि वादळानंतरही ती तशीच राहणार, कारण कुणीही ती बंद करा असे सांगितलेले नाही. चालू स्थितीत मात्र बरेच काही वाचता येते. ओएनटीची वीज गेली तर त्याच्यातल्या कपॅसिटरमध्ये उरलेल्या विद्युतभारावर ते काही मिलिसेकंद तग धरते आणि तेवढ्यात 'माझी वीज गेली' असा निरोप पाठवते. इंजिनिअर मंडळी या निरोपाला मरणाऱ्याचा शेवटचा श्वास या अर्थाचे नाव वापरतात. तो निरोप आला आणि मग गाव गप्प झाले, तर दोष विजेचा. निरोप न येता एकच गाव अचानक गप्प झाले, तर बहुधा त्या गावाचा फाटा तुटला. आणि आठही गावे एकाच क्षणी निरोपाशिवाय गेली, तर तंतू स्प्लिटरच्या अलीकडे, मुख्य केंद्राच्या बाजूला तुटलेला असणार. मुलांना तर्कशास्त्र शिकवायला याहून चांगले कोडे कुठले?

याच यंत्रातली आणखी एक नोंद पाहा. ओएनटी आपल्यापर्यंत किती प्रकाश पोचतो ते मोजून सांगते. हे माप डीबीएम या लॉगॅरिथमिक एककात असते. उणे २० म्हणजे एक मिलिवॅटचा शंभरावा भाग, उणे ३० म्हणजे हजारावा. जीपॉनच्या नेहमीच्या प्रकारात उणे २७ पर्यंत काम चालते. वादळात खांब कलला आणि केबल ताणली गेली किंवा वाकली, तर प्रकाश लगेच थांबत नाही, तो थोडाथोडा गळतो. उणे २१, उणे २४, उणे २६ असे आकडे उतरताना दिसले की गाव तुटण्याआधीच माणूस पाठवता येतो. आता विचार करा, या आकड्याचे कॉन्फिगरेशन काय असेल? काहीच नाही. 'तुझ्यापर्यंत उणे २० प्रकाश पोचू दे' अशी आज्ञा यंत्राला देता येत नाही. तेव्हा यंत्राचे वर्णन करणाऱ्या नमुन्यात काही गोष्टी अशा असणारच की ज्या फक्त वाचायच्या असतात, आणि नमुन्याने तसे स्पष्ट म्हटले पाहिजे.

याउलट एक प्रकार आमच्या किनारपट्टीवर नेहमी भेटतो. जाळ्याच्या तांब्याच्या केबलमध्ये आठ बारीक तारा, म्हणजे चार जोड्या असतात. सेकंदाला १००० मेगाबिट वेगाला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. खाऱ्या हवेने टोकाची पाने गंजली आणि एक जोडी निकामी झाली की बरीचशी यंत्रे काही न बोलता १०० वर उतरतात. कॉन्फिगरेशनमध्ये लिहिलेले असते: 'वेग दोघांनी आपसांत ठरवावा.' ते तर पाळले गेले आहे! आज्ञेत चूक नाही, दिवा लागलेला आहे, आणि वेग मात्र दहावा हिस्सा झाला आहे. आज्ञेचा कागद कितीही वेळा वाचला तरी हा दोष सापडणार नाही.

जून २००२ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील रेस्टन येथे जाळी चालवणारे आणि त्यांचे नियम लिहिणारे यांची एक कार्यशाळा झाली. तिचा वृत्तांत पुढल्या वर्षी आरएफसी ३५३५ या क्रमांकाने प्रसिद्ध झाला. चालवणाऱ्यांच्या मागण्यांत एक मागणी अगदी वरच्या बाजूला होती: कॉन्फिगरेशन, चालू स्थिती आणि सांख्यिकी यांत स्वच्छ फरक करा, आणि प्रत्येक गोष्ट वेगळी मागता येऊ द्या. त्यातून २००६ मध्ये नेटकॉन्फ ही नवी पद्धत आणि २०१० मध्ये यांग ही वर्णनाची भाषा आली. यांगमध्ये प्रत्येक यंत्र एखाद्या झाडासारखे मांडतात: यंत्र, त्याच्या फांदीवर पोर्ट, पोर्टच्या फांदीवर वेग, पत्ता, वगैरे पाने. एखादे पान फक्त वाचण्याचे असेल तर तसे शब्दांत लिहावे लागते.

प्रश्न सुटला असे वाटले, पण नवा निघाला. २०१४ च्या पोर्टांच्या प्रमाण नमुन्यात दोन वेगवेगळी झाडे केली गेली, एक कॉन्फिगरेशनचे आणि एक स्थितीचे. दोन्हींत पोर्टांची यादी आलीच. आता पहिल्या झाडातले कोणते पान दुसऱ्यातल्या कोणत्या पानाशी ताडून पाहायचे, हे माणसाला डोळ्यांनी कळते, पण संगणकाला कसे कळावे? प्रत्येक यंत्रासाठी जोड्या लावण्याचे वेगळे कोष्टक लिहावे लागले. दहा यंत्रे असली तर एक वेळ चालेल, पण दहा हजार असली तर ताडण्याचे काम माणसाच्या हातून होणारच नाही.

तिथून मागण्या नेमक्या होत गेल्या. पहिली ही, की सांगितलेली किंमत आणि घडलेली किंमत यांना एकच नाव आणि एकच पत्ता असावा, म्हणजे फरक काढणे ही साधी वजाबाकी होईल. दुसरी अधिक बारीक आहे. 'सांगितले' आणि 'घडले' यांच्यामध्येही एक पायरी असते. आज्ञा पोचली, यंत्राने ती स्वीकारली, पण अमलात आणायला त्याला काही सेकंद लागतात, किंवा ज्या भागासाठी आज्ञा आहे तो भाग अजून बसवलेलाच नसतो. कार्ड पुढच्या आठवड्यात येणार, पण त्याच्या आज्ञा आजच भरून ठेवल्या, हे नेहमीचे आहे. ही आज्ञा चुकीची नाही, नाकारलेली नाही, फक्त लागू झालेली नाही. म्हणून योजलेले, लागू झालेले आणि प्रत्यक्ष घडणारे अशा तीन गोष्टी ओळखता यायला हव्यात.

यावर दोन उत्तरे निघाली. गूगलसारख्या मोठी जाळी चालवणाऱ्या कंपन्यांच्या ओपनकॉन्फिग या गटाने झाडाच्या प्रत्येक फांदीवर दोन शेजारी डबे ठेवले, एक आज्ञेचा आणि एक स्थितीचा, आणि आज्ञेतले प्रत्येक पान स्थितीच्या डब्यातही पुन्हा लिहिले. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या संस्थेने मार्च २०१८ मध्ये आरएफसी ८३४२ प्रसिद्ध करून दुसरा मार्ग घेतला. झाड एकच, पण त्याच्या प्रती वेगवेगळ्या कपाटांत: एका कपाटात योजलेले, दुसऱ्यात प्रत्यक्षातले. २०१४ चा दोन झाडांचा नमुनाही त्याच महिन्यात बदलून एक झाडाचा झाला. पहिली तऱ्हा वापरायला सोपी, दुसरी विचाराने स्वच्छ. मला दुसरी आवडते, कारण तिच्यात नमुना लिहिणाऱ्याला प्रत्येक गोष्ट दोनदा लिहावी लागत नाही आणि विसरण्याची भीती राहत नाही. पण रोज जाळे सांभाळणाऱ्याला पहिलीच पसंत पडली तर नवल नाही.

या दुसऱ्या मार्गात दोन गोष्टी फार विचारपूर्वक केल्या आहेत. एक म्हणजे, प्रत्यक्षातल्या कपाटातील किंमत कुठून आली याची चिठ्ठी तिला लावता येते: आज्ञेतून आली, शेजाऱ्याकडून शिकली, यंत्राने स्वतः घातली, की कुणीच काही न सांगितल्यामुळे गृहीत धरली. दुसरी गोष्ट शिक्षकांना पटेल. आज्ञेच्या कपाटात नियम कडक असतात, नियम मोडणारी आज्ञा यंत्र स्वीकारतच नाही. प्रत्यक्षातल्या कपाटाला मात्र सांगितले आहे की नियम मोडलेला दिसला तरी जे आहे तेच दाखव. वर्गाची मर्यादा ६० आहे आणि आज वर्गात ६१ मुले बसली आहेत, तर प्रवेशाच्या नियमाने एकसष्टावे नाव लिहिता येत नसले तरी हजेरीत ६१ हाच आकडा यायला हवा. नियमात बसत नाही म्हणून हजेरीत ६० लिहिणारी नोंद निरुपयोगी आहे.

आता तो 'माहीत नाही' शब्द. वादळात गाव गप्प झाले की मुख्य केंद्राकडे त्या गावाची शेवटची किंमत पडून असते: 'चालू, प्रकाश उणे २१'. पडद्याने तीच दाखवत राहिले तर हिरवा ठिपका तसाच राहील. म्हणून घडलेल्या प्रत्येक किमतीसोबत ती केव्हाची आहे हे हवे, आणि ठरावीक वेळात नवी आली नाही तर ती 'माहीत नाही' व्हायला हवी. 'बंद' सुद्धा नव्हे, कारण कदाचित गावातले जाळे उत्तम चालले असेल आणि मधला दुवाच तुटला असेल. यंत्राला दर पाच मिनिटांनी विचारत बसण्याऐवजी बदल होताच त्यानेच कळवावे, अशी सोयही २०१९ मध्ये प्रमाणित झाली. पण कळवणाऱ्याचा आवाजच बंद झाला तर? मौनाचा अर्थ लावण्याचे काम ऐकणाऱ्याकडेच राहते.

संगणक कक्षात हे करून पाहता येईल. कार्यालयाचे काम चालू नसेल अशी वेळ निवडा. राउटरला जोडलेल्या स्विचवरचा एक संगणक घ्या. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर आयपीकॉन्फिग ही आज्ञा रोमन अक्षरांत टंकित करा आणि दिसलेला पत्ता फळ्यावर लिहा. बहुतेक ठिकाणी तो १९२.१६८ ने सुरू होईल. मुलांना विचारा, हा पत्ता कुणी भरला? कुणीच नाही. कॉन्फिगरेशनमध्ये फक्त 'पत्ता आपोआप घे' एवढेच आहे, आकडे राउटरकडून शिकलेले आहेत. आता स्विचकडून राउटरकडे जाणारी तार काढा, संगणक पुन्हा सुरू करा, एक-दोन मिनिटे थांबा आणि तीच आज्ञा पुन्हा द्या. पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा दिसेल. तो संगणकाने, विचारायला कुणी नाही असे पाहून, स्वतःच घातला आहे. शेवटी संगणकाचीच तार उपसा. पत्ता नाहीसा होतो, पण सेटिंगच्या खिडकीत 'पत्ता आपोआप घे' हे वाक्य जागच्या जागी असते. तिन्ही वेळच्या नोंदींचे तीन रकाने करा: काय सांगितले होते, काय घडले, ते कुठून आले. मग दोन्ही तारा परत लावून, स्विचवरचा दिवा लागल्यापासून १९२.१६८ चा पत्ता परत दिसेपर्यंत किती सेकंद जातात ते घड्याळावर मोजायला एका मुलाला बसवा.